उत्तरेच्या भिंतीतली देवळी

मुकुंदवाडी

माझ्या सासऱ्यांच्या देवगाव रंगारीच्या घरात एकही देवळी नाही. जुन्या घरांच्या भिंतीत दिवा ठेवायला जो लहानसा कोनाडा सोडतात, त्याला आमच्याकडे देवळी म्हणतात. मराठवाड्यातल्या मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड, त्यामुळे मध्ये एवढी पोकळी ठेवली तरी भिंतीला काही होत नाही. गरिबातल्या गरीब घरातही एक तरी देवळी असतेच. मामांच्या घरात मात्र दिवा खिळ्याला टांगलेला असायचा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामात हे माझ्या ध्यानात आलं, कारण भिंती बघणं हा माझा धंदा. चौतीस वर्षं सरकारी बांधकामावर अभियंता म्हणून काढली. निवृत्त झालो तरी खोड गेलेली नाही. लग्नाच्या मांडवातही मी आधी खांब बघतो आणि मग नवरदेव, असं माझी बायको सुनंदा चारचौघांत सांगत असते. सासूबाई होत्या तोवर दर दिवाळीला कुरकुरायच्या. एकदा त्यांनी परस्पर गवंड्याला देवळी काढायला सांगितली, तर मामांनी त्याच्या हातातली थापी हिसकावून अंगणात भिरकावली होती. मी त्याला म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा समजलो. माझी समज किती उथळ होती ते कळायला इतकी वर्षं जावी लागली.

यंदा जूनमध्ये मामा आमच्याकडे मुकुंदवाडीला आले होते. वय शहात्तर, अंगकाठी बोरूसारखी, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती बोटं एकाहत्तरच्या लढाईत बर्फानं गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. सुनंदा जेवता जेवता फोनवर काहीतरी बघत होती. कुणी हौशी प्रवासी कारगिलच्या पुढचा एक डोंगर दाखवत होता. एकाहत्तरच्या लढाईतला दगडी मोर्चा, म्हणजे बंकर, तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला आहे, आता लोकांना बघायला खुला आहे, असं सांगत तो आत शिरला. "आणि ही बघा, जवानांनी दिवा ठेवायला केलेली जागा," असं म्हणून त्यानं भिंतीतला एक कोनाडा जवळून दाखवला.

"थांबीव," मामा म्हणाले. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि तेवढं चित्र चार वेळा बघितलं. जेवण तसंच टाकून उठले.

सकाळी ओट्यावर मला एकट्याला बसवून म्हणाले, "पाव्हणं, ती देवळी म्या केली व्हती."

मग जे सांगितलं ते त्यांनी ना सासूबाईंना सांगितलं होतं, ना पोटच्या पोरांना. त्या मोर्च्यात तिघे होते. त्यातला किसन अजिंठ्याचा. जिल्हा एक, त्यामुळे घट्ट जमलं. थंडी अशी की पाणी पेल्यात गोठायचं. वाऱ्यानं चिमणी विझायची आणि उघड्यावर ठेवावी तर उजेड पलीकडच्यांना दिसायचा. किसन म्हणाला, "भगवान, घरच्यासारखी देवळी कर की." मामांच्या घरी बांधकामाचा हात होता. त्यांनी शत्रूच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीत दगड काढून देवळी केली. वर एक लांब दगड आडवा टाकला. भिंत सुक्या दगडांची, ना माती ना चुना, आणि जाडी जेमतेम हातभर.

पाचव्या दिवशी मामा वितळवायला बर्फ आणायला बाहेर गेले होते, तेवढ्यात गोळे पडले. परत येईपर्यंत उत्तरेची भिंत आत आली होती आणि तिच्याखाली किसन होता; तिसरा दाराशी होता म्हणून वाचला. मामांनी हातांनी दगड उपसले. बोटं गेली ती त्यातच. त्यांना उचलून खाली नेलं आणि तो मोर्चा पुन्हा त्यांच्या नजरेला पडला नाही.

"समदे म्हणले, गोळ्यानं पडली भिंत, तुझा काय दोष. पर म्या भिंत पोकळ केली व्हती, पाव्हणं. इतकी वर्सं वाटतंय, ती तिथनंच फुटली आसंल. आन् काल बघितलं तर देवळी उभी! देवळी उभी हाय म्हंजी भिंत तिथनं फुटली नाय. मग किसन्या माझ्यापायी नाय गेला."

'पुन्हा उभा केला' या शब्दांचा अर्थ मला चांगलाच ठाऊक आहे. पुन्हा उभ्या केलेल्या भिंतीत जुनं किती आणि नवं किती हे फोनवर कळत नाही. पण मामांच्या तोंडावर अशी आशा मी कधी बघितली नव्हती.

"तुमाला भिंत कळती," ते म्हणाले. "मला घिऊन चला. बघा आन् खरं काय ते सांगा. पोरास्नी नेत नाय. पोरं मला बरं वाटंल तेवढंच बोलत्याल."

किसनची धाकटी बहीण गयाआक्का अजिंठ्याला असते. तिच्या घरी मामा दर भाऊबीजेला जातात, ओवाळून घेतात, जेवतात. पन्नासच्या वर भाऊबिजा झाल्या असतील. तिच्या ताटात जेवताना घास कसा उतरत असेल, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

लेह

सुनंदानं मामांची सगळी तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी नाक मुरडून हो म्हटलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. सोबत गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, औषधांची पिशवी आणि प्राणवायूचं एक नळकांडं. ते नळकांडं मामांसाठी घेतलं होतं. वापरलं मी.

विमानातून उतरलो आणि तासाभरात माझं डोकं फुटायला लागलं. दोन दिवस खोलीत आडवा. उलट्यांनी आतडी पिळून निघाली. शहात्तर वर्षांचे सासरे जावयाच्या उशाशी बसून त्याच्या नाकाला नळी धरतायत, हे दृश्य कुणा नातेवाइकानं बघितलं नाही, एवढीच देवाची कृपा. "पाव्हणं, हळूहळू श्वास घ्या. घाई नका करू. हितं घाई करणारा पयला जातो," मामा सांगत होते. स्वतः खिडकीशी बसून दशमी खात होते.

लेहबद्दल मी फार काही सांगू शकत नाही. खिडकीतून एक पिवळसर डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी सरळसोट पोपलरची झाडं दिसत होती, तेवढंच माझं लेह. रस्त्यावर आपल्याकडची पोरं भाड्याच्या मोटारसायकली उडवत हिंडत होती. खालच्या उपाहारगृहात पावभाजी मिळते, अशी बातमी मामांनी आणली. इतक्या लांब येऊन पावभाजी खाणाऱ्यांचा मला राग आला. पोटात काही ठरत असतं तर कदाचित आला नसता.

कारगिल

लेहहून कारगिलचा रस्ता दिवसभराचा. उजाड म्हणजे किती उजाड असावं! आमच्याकडे मे महिन्यात पैठण रस्त्यानं जाताना रानं भाजलेली दिसतात, पण बांधावर एखादी बाभळ तरी असते. इथे डोंगरच्या डोंगर गवताच्या काडीशिवाय उभे. मग एकदम खाली नदीकाठी हिरवा पट्टा, जर्दाळूची झाडं, चार घरं, आणि लगेच पुन्हा माती. एका वळणावर मामा म्हणाले, "तवा रातचं आणलं व्हतं आमाला. ह्ये कायबी दिसलं नव्हतं. बरं झालं."

कारगिलच्या पुढे, ज्या डोंगरावर तो मोर्चा आहे त्याच्या पायथ्याच्या गावात आम्ही उतरलो हसनकडे. हा पंचेचाळिशीचा गवंडी. मोर्च्याची डागडुजी त्यानं आणि त्याच्या भावांनी केलेली, आणि आता पाहुण्यांना वर घेऊन जाण्याचं कामही तोच करतो. त्याचं हिंदी अदबीचं, जनाब आणि तशरीफवालं. माझं औरंगाबादी. "मेरेकू पैले भिंत देखनी है," म्हटल्यावर तो बिचारा आधी गोंधळला आणि मग खो-खो हसला.

घर बघून मी मात्र जागीच थांबलो. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी दांड्या, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा थर, सपाट. हे तर आमचं माळवद! आमच्याकडे सागवान आणि पांढरी माती, इथे पोपलर आणि वाळुंजाच्या फांद्या. गच्चीवर जर्दाळू वाळत घातलेले, जशा आपल्याकडे कुरडया. मी उत्साहानं मामांना दाखवायला वळलो, तर ते भिंतीकडे बघत होते. भिंतीत ओळीनं तीन कोनाडे होते. मामा उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

हसनच्या बायकोनं खमीर नावाची जाड रोटी आणि चहा आणला. मामांनी एक घोट घेतला, माझ्या कानाशी लागले आणि कुजबुजले, "बाईच्या हातनं साखरंच्या जागी मीठ पडलंय. काय बोलू नका. गुमान प्या." आणि स्वतः चेहरा न हलवता सगळा पेला संपवला. तिला वाटलं आवडला, तिनं पुन्हा भरला. मामांनी तोही संपवला. तिथला चहाच मिठाचा आणि लोण्याचा असतो, हे मी त्यांना गावात फिरताना सांगितलं. सगळ्या प्रवासात मामा हसले ते तेवढंच.

हसननं विचारलं, "चाचा फौज में थे?" मी हो म्हटलं. मोर्च्याशी त्यांचा काय संबंध हे मामांनी कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. सांगितलं की लोक हार घालतात, म्हणाले.

मोर्चा

गाडी जवळपास वरपर्यंत जाते. शेवटचा चढ पायी, अर्ध्या तासाचा. आम्हाला दीड तास लागला. मामा दहा पावलं चालायचे, थांबायचे, दहा पावलं चालायचे. मी मोजत मागे. ऊन पाठ भाजत होतं आणि सावलीत पाय ठेवला की थंडी हाडात शिरत होती. खाली नदीचं वळण आणि पलीकडच्या बाजूला एक गाव. तिथल्या शेतात कुणीतरी गवताचे भारे रचत होतं. ते गाव नियंत्रण रेषेपलीकडचं.

मोर्चा बघून माझा जीव आधी कडू झाला. बाहेर हिरव्या रंगाची पाटी, तिच्यावर बाण. उंबऱ्याजवळ प्लास्टरचा एक सैनिक, नाकाचा टवका उडालेला. फोटोसाठी एक चौकट उभी केलेली. तीन तरुण त्या प्लास्टरच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होते. मामा लांब एका दगडावर टेकून ते जाईपर्यंत थांबले. मला त्या पोरांना चार शब्द सुनावायचे होते. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी काय म्हाईत?"

भिंती मात्र हसननं नीट बांधल्या होत्या, हे मला मान्य करावं लागलं. कुठे सिमेंट थापलेलं नाही, दगडावर दगड मापात. भिंतींवर एक पांढरी रेघ ओढलेली होती. रेघेखालचं जुनं, वरचं नवं, असं हसननं सांगितलं. पाहुण्यांना कळावं म्हणून.

मी रेघेबरोबर चालत गेलो. पूर्वेच्या भिंतीत रेघ माझ्या खांद्याच्या वर. दक्षिणेच्या भिंतीत तशीच. पश्चिमेच्याही. उत्तरेच्या भिंतीत दोन्ही कोपऱ्यांत रेघ खांद्याइतकी उंच होती, आणि मधोमध ती गुडघ्यापर्यंत खाली उतरली होती. बरोबर तिथे देवळी होती. देवळीचा तळाचा दगड आणि डावीकडचे दोन तेवढे जुने. बाकी सगळी देवळी रेघेच्या वर, म्हणजे हसनची.

मामा अजून बाहेर होते. मी हसनला बाजूला घेऊन विचारलं, ही तू कशावरून केलीस?

"निशान था, जनाब. नीचे का पत्थर, और बायीं तरफ के दो. बाकी सब अंदर गिरा पड़ा था. ऊपरवाला लंबा पत्थर भी, दो टुकड़े. हमने वैसा ही नया बना दिया."

"वो तुकडे कहां है?"

त्यानं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. पायरीला लावले होते. मी वाकून एक तुकडा उपसला आणि उलटा केला. खालच्या बाजूला, मधोमध, तळहाताएवढी काजळी होती. इतक्या वर्षांनंतरही बोटाला काळं लागलं. तुटलेल्या अंगावर काजळीचा ठिपकाही नव्हता, म्हणजे दिवा जळत होता तोवर दगड अखंड होता. मी बाहेरून भिंतीचा पाया बघितला. गोळ्याच्या तुकड्यांच्या खुणा तिथे नव्हत्या. त्या होत्या खाली उतारावर, वीसेक पावलांवर, एका मोठ्या खडकाच्या अंगावर. गोळा भिंतीवर पडलाच नव्हता. जमीन हादरली, लांब दगड वरच्या ओझ्यानं मधोमध मोडला आणि भिंत त्या पोकळीतून आत आली. त्याच हादऱ्यात बाकीच्या तीन भिंती उभ्या राहिल्या, आणि त्यानंतरचे सगळे हिवाळेही त्यांनी काढले.

माझ्या आयुष्यात मी पडलेल्या भिंतींचे पुष्कळ अहवाल लिहिले. इतका स्वच्छ पुरावा मला क्वचित मिळाला असेल.

मान वर केली तर मामा समोर उभे. टोपी हातात.

"सांगा, पाव्हणं."

मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच, हे इथे कबूल करतो. "मामा, गोळे इतक्या जवळ पडलेत, की कुठलीही भिंत—"

त्यांनी हात वर केला. तीन बोटांचा.

"तुमी सुनंदाला बघायला आला व्हता तवा म्या तुमाला येकच इचारलं व्हतं. आठवतं का?"

आठवत होतं. दारू पिता का, असं त्यांनी विचारलं होतं. माझे वडील शेजारी बसलेले. मी म्हणालो होतो, कधी कधी.

"त्या दिवशी सकाळपासनं दोघं येऊन गेलते. दोघंबी नाय म्हणले. तुमी खरं बोलला म्हून पोरगी दिली. आताबी खरं बोला."

मी सांगितलं. रेघ दाखवली, खडकावरच्या खुणा दाखवल्या, दगड हातात दिला. भरीव असती तर बहुतेक उभी राहिली असती, असं म्हणालो.

"बहुतेक नको."

"उभी राहिली असती, मामा."

ते त्या पायरीवर बसले. काजळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. सासूबाई गेल्या तेव्हाही मी या माणसाला रडताना बघितलं नव्हतं. हसन लगबगीनं पाणी घेऊन आला आणि काही न विचारता दूर जाऊन उभा राहिला. मला माझ्या शिक्षणाची, माझ्या डोळ्यांची चीड आली. चौतीस वर्षं भिंती बघायला शिकलो ते काय यासाठी?

डोळे पुसून मामा म्हणाले, "व्हय. तसंच व्हतं तर. समदे म्हणायचे, तुझी चूक नाय, तुझी चूक नाय. भिंत कुणीच बघितली नव्हती, पाव्हणं. तुमी बघितली."

त्यांच्या आवाजात मला जे ऐकू आलं त्याला सुटका म्हणावं की काय, मला अजून कळलेलं नाही. उठताना त्यांनी हसनला एकच विनंती केली. हे दोन तुकडे पायरीतून काढ, लोकांचे पाय लागतात. हसननं ते उचलले, देवळीखाली भिंतीला टेकवून ठेवले. खाली आल्यावर मामा दोन खमीर रोट्या जेवले आणि मिठाचा चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसताना म्हणाले, "आता गयीला सांगाया पायजे."

"कशाला, मामा? त्यांचं वय झालंय. आता सांगून काय होणार?"

"तिचा भाव व्हता."

मी आणखी जोर लावून अडवू शकलो असतो. पण मोर्च्यावर मला खरं बोलायला लावणाऱ्या माणसाला आता तू गप्प बस असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

अजिंठा

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी मामांना गाडीनं अजिंठ्याला नेलं. सिल्लोडच्या पुढे दोन्ही बाजूंना मका माणसाच्या वर गेला होता. लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती. गयाआक्कांचं घर गावाच्या कडेला. पुढे नवं स्लॅबचं, मागे जुनी मातीची एक खोली. त्यांनी ती पाडू दिलेली नाही. सत्तरीची बाई, ठेंगणी, पदर डोक्यावर पक्का. भाऊबीज नसताना भाऊ आला म्हणून त्यांचा आनंद नुसता उतू चालला होता.

"आगं बया! आवंदा आदीच? आन् पाव्हणंबी! सूनबाई, च्या ठिव. भाऊ, तिथं लई थंडी व्हती का वो? मला फोनवर सुनंदानं सांगितलं तुमी तिकडं गेलाय म्हून."

त्या आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीत देवळी होती, कडा शेणानं सारवलेली, वर तेलाचा काळा पट्टा.

मामांनी चहा घेतला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. फक्त एक गोष्ट सांगितली नाही, की देवळी कर म्हणून हट्ट किसननंच धरला होता. ते यायची मी वाट बघत होतो. येत नाही म्हटल्यावर मी म्हणालो, "आक्का, पण ती देवळी—" मामांनी माझा गुडघा असा दाबला की मी पुढे बोललो नाही.

गयाआक्का उठल्या, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि कापडात गुंडाळलेलं एक पत्र माझ्या हातात दिलं. "वाचा. मला वाचता येत नाय. लई जणांनी वाचून दाखवलंय. तुमीबी वाचा."

शाई उडाली होती, घड्या फाटल्या होत्या. मी वाचलं. "गये, इथं थंडी फार आहे. पण आमच्या घरात भगवाननं आपल्यासारखीच देवळी केली आहे. तिच्या उजेडात लिहितो. आईला सांग, काळजी करू नको."

या पत्राची मामांना कल्पनाच नव्हती. ते जे बघत होते ते मला बघवेना.

"ह्येच शेवटचं," गयाआक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "रोज दिवा लावताना मनात म्हणायची, त्याच्याजवळबी व्हती. अंधारात नाय गेला माझा भाव. भगवानभाऊंनी त्याला उजेड दिला, म्हून तुमाला ववाळायची मी."

बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. सुनेनं दारातून हाक मारली, "आत्या, दिवा." गयाआक्कांनी दिव्यात तेल घातलं, वात पुढे ओढली, पेटवली. रोजच्या सवयीनं देवळीपाशी गेल्या. तिथे त्यांचा हात थांबला. मग त्या हळूच खाली वाकल्या आणि दिवा जमिनीवर ठेवला.

दर वेळी त्या आम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी जेवा म्हणाल्या नाहीत. दारापर्यंतही आल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर फुलंब्रीजवळ मामा म्हणाले, "म्या हलका झालो, पाव्हणं. आन् माझं वझं तिच्या डोक्यावर टाकून आलो. तिच्याकडं येवढा येकच दिवा व्हता."

मला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. त्या पत्र्याच्या पेटीत असं पत्र असेल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? भिंत मी बघितली आणि मोकळा झालो. भिंतीपलीकडे कोण राहतं याचा विचार कुणा अहवालात मी कधी केला नव्हता.

हे लिहितोय तेव्हा भाऊबीजेला दोन आठवडे उरलेत. दर वर्षी दसरा झाला की गयाआक्कांचा फोन येतो, भाऊ कधी निघताय म्हणून. यंदा आलेला नाही. मामा देवगावहून एक दिवसाआड सुनंदाला फोन करून विचारतात, अजिंठ्याचं काही बोलावणं आलं का? काल त्यांनी मला फोन द्यायला सांगितला.

"पाव्हणं, बोलावणं नाय आलं तरी म्या जाणार हाय. आत नाय जायचो. वट्ट्यावर बसंन, आन् दिवे लागले की उठून यीन."

मी म्हणालो, "सकाळी सहाला गाडी घेऊन येतो, मामा. मीही बसेन."